पडत्या काळातले खरेदीदार

मंदीत उद्योग दोन तऱ्हांनी अडचणीत येतात. काहींच्या मालाला गिऱ्हाईकच उरत नाही. काहींचा माल खपत असतो, यंत्रे चांगली असतात, कामगार जाणते असतात. पण तेजीत काढलेल्या कर्जाचे व्याज मंदीतल्या मिळकतीतून भागत नाही आणि हप्ते थकतात. पहिल्या तऱ्हेत धंदा आजारी असतो, दुसऱ्या तऱ्हेत ताळेबंद. बाहेरून दोन्ही कंपन्या सारख्याच दिसतात: पगार लांबलेले, पुरवठादार दारात, शेअरचा भाव मातीमोल. अडचणीतले उद्योग विकत घेऊन मोठ्या झालेल्या कंपन्यांचा इतिहास पाहिला, तर त्यांनी या दोहोंतला फरक ओळखून दुसऱ्या तऱ्हेचे उद्योग उचलले, एवढेच पहिल्यांदा लक्षात येते.

पहिल्या तऱ्हेच्या उद्योगाचे काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १९८२च्या संपानंतर अनेक कापड गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. जमीन मोलाची होती, धंदा नव्हता. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली, तेव्हा तिथे मॉल आणि मनोरे आले. माग फिरले नाहीत. अशा खरेदीत पैसा मिळतो, पण तो जमिनीचा व्यवहार असतो. या व्याख्यानाचा विषय तो नाही. इथे विचार आहे तो कारखाना चालवण्यासाठी कारखाना घेणाऱ्या कंपन्यांचा, आणि अशा कंपन्यांचे शेअर दहा-पंधरा वर्षे बाळगणाऱ्या भागधारकाचा.

चांगला कारखाना मंदीत स्वस्त का मिळतो? आंद्रे श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९२मध्ये याचे नेमके कारण मांडले. पोलादाच्या भट्टीला सर्वांत जास्त किंमत देऊ शकतो तो दुसरा पोलाद उत्पादक, कारण ती चालवायची कशी हे त्यालाच ठाऊक असते. पण पोलादाची मंदी एकट्यादुकट्याला गाठत नाही. एक कारखाना विक्रीला येतो, तेव्हा त्याचे स्वाभाविक गिऱ्हाईक असलेले इतर कारखानदारही कर्जाने वाकलेले असतात. मग बोली लावायला उरतात ते त्या धंद्याबाहेरचे लोक, आणि ते जोखमीपोटी कमीच किंमत देतात. म्हणून ज्या थोड्या कंपन्यांकडे धंद्याची जाण आणि हातात पैसा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात, त्यांना इतरांना न मिळणारा भाव मिळतो. जाण अनेकांकडे असते. मंदीत पैसा फार थोड्यांकडे असतो, आणि तो मंदीत जमवता येत नाही. तो तेजीतच बाजूला ठेवावा लागतो. मंदीतल्या खरेदीचा नफा तेजीतल्या संयमातून येतो, हे या विषयातले मुख्य सूत्र आहे. पुढची उदाहरणे त्याच कसोटीवर पाहता येतील.

अमेरिकेतल्या पोलाद धंद्यात हे अगदी ठळक स्वरूपात घडले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आयात मालाने भाव पाडले आणि जुन्या कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या. विल्बर रॉस या गुंतवणूकदाराने २००२मध्ये इंटरनॅशनल स्टील ग्रुप ही कंपनी काढून एलटीव्ही या बंद पडलेल्या कंपनीचे कारखाने घेतले. २००३मध्ये बेथलेहेम स्टील घेतली. याच सुमारास, मार्च २००२मध्ये, अमेरिकी सरकारने आयात पोलादावर जकात बसवली. पोलाद कामगारांच्या संघटनेशी नवा करार झाला, कामाच्या असंख्य श्रेण्या कमी करून मोजक्याच ठेवल्या गेल्या. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निवृत्त कामगारांच्या पेन्शनचा बोजा नव्या मालकाकडे आलाच नाही. तो पेन्शनचा विमा उतरवणाऱ्या सरकारी महामंडळावर गेला. २००३च्या अखेरीस कंपनीचे शेअर बाजारात आले, आणि २००४मध्ये लक्ष्मी मित्तल यांनी ती सुमारे साडेचार अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले. अवघ्या अडीच वर्षांत झालेल्या या कमाईचे कौतुक खूप झाले. त्यातला किती भाग व्यवस्थापनाच्या कौशल्याचा आणि किती भाग जकात, पेन्शनची सुटका आणि चीनच्या मागणीने वर नेलेल्या भावाचा, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला गेला.

विकत घेणारे मित्तल स्वतः याच वाटेने मोठे झाले होते. १९८९मध्ये त्रिनिदादमधला तोट्यातला सरकारी कारखाना त्यांनी आधी चालवायला घेतला. १९९२मध्ये मेक्सिकोतला आणि १९९५मध्ये कझाकस्तानातला कारखाना घेतला. प्रत्येक वेळी विकणारे सरकार मेटाकुटीला आलेले होते, यंत्रसामग्रीवर आधीच प्रचंड पैसा ओतलेला होता, आणि कमतरता होती ती कारखाना चालवणाऱ्याची.

भारतात हा खेळ बराच काळ नीट खेळताच येत नव्हता. १९८५च्या आजारी उद्योग कायद्याखाली स्थापन झालेल्या बीआयएफआर या मंडळाकडे गेलेली कंपनी वर्षानुवर्षे तिथेच राही. धनकोंना वसुली करता येत नसे, प्रवर्तक खुर्ची सोडत नसत, आणि दरम्यान यंत्रे गंजत. या व्यवस्थेत कंपनी घ्यायची, तर कर्जासकट घ्यावी लागे. स्वस्त किंमत म्हणजे शेअरची स्वस्त किंमत. कर्जाचा भार जसाच्या तसा.

रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या डोलवीचा पोलाद कारखाना हे त्या काळाचे चांगले उदाहरण आहे. धरमतर खाडीच्या काठी इस्पात इंडस्ट्रीजने उभारलेला हा कारखाना यंत्रसामग्रीने आधुनिक होता. वर्षाला ३३ लाख टन पोलाद काढण्याची त्याची क्षमता होती, पण खनिज, कोक, वायू, वीज या सगळ्या गोष्टी बाहेरून, बाजारभावाने घ्याव्या लागत. पोलादाचे भाव चढे असताना हे खपून जाई. उतरले की व्याजालाही पैसा उरत नसे. बँकांनी कर्जाची फेररचना करूनही गाडी रुळावर आली नव्हती. डिसेंबर २०१०मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलने २,१५७ कोटी रुपयांचे नवे भांडवल घालून इस्पातचा सुमारे ४१ टक्के हिस्सा घेतला. यातली एक बाब सहज नजरेआड होते: हा पैसा जुन्या प्रवर्तकांच्या खिशात गेला नाही, कंपनीत आला. आणि जेएसडब्ल्यूकडे तो होता, कारण त्याच वर्षाच्या मध्यात जपानच्या जेएफई स्टीलने तिच्यात सुमारे ४,८०० कोटी रुपये भांडवल म्हणून घालण्याचा करार केला होता. आधी भांडवल, मग खरेदी, असा हा क्रम होता.

पुढे डोलवीत जे झाले त्यात चमत्कार नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यात जयगडला जेएसडब्ल्यू समूहाचे वीज केंद्र होते. तिथून वीज मिळू लागली. कोक भट्ट्या उभ्या राहिल्या, खनिजाच्या गोळ्या बनवणारा प्रकल्प आला, धरमतरची जेटी वाढवली गेली. बाहेरून महाग घेतले जाणारे एकेक घटक घरचे झाले. क्षमता ३३ लाखांवरून ५० लाख आणि २०२१-२२च्या सुमारास एक कोटी टनांवर गेली. मात्र या सगळ्याला एक दशक लागले, आणि मूळ खरेदीपेक्षा कितीतरी मोठी रक्कम नंतर घालावी लागली. इस्पातच्या जुन्या भागधारकाचे काय झाले? २०१३च्या विलीनीकरणात त्याला ७२ शेअरमागे जेएसडब्ल्यूचा एक शेअर मिळाला. कारखाना वाचला, त्याचा मोठा लाभ वाचवणाऱ्याच्या भागधारकाला झाला. जेएसडब्ल्यूची सुरुवातही १९८२मध्ये तारापूरचा एक छोटा पोलाद कारखाना विकत घेऊनच झाली होती, तेव्हा हे काम तिच्या रक्तात होते असे म्हणायला हरकत नाही.

२०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने खेळाचे नियम बदलले. कंपनीने हप्ता थकवला की धनको राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. प्रवर्तकाच्या हातून कारभार जातो. ठरावीक मुदतीत बोली मागवल्या जातात. धनकोंची समिती त्यांतली एक निवडते. जून २०१७मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा मोठी थकीत खाती या वाटेने पाठवायला सांगितले. त्यांत भूषण स्टील, एस्सार स्टील, भूषण पॉवर अँड स्टील, मॉनेट इस्पात, इलेक्ट्रोस्टील अशा पोलाद कंपन्यांचाच भरणा होता. खरेदीदाराच्या दृष्टीने मोठा फरक असा की मंजूर झालेल्या योजनेबाहेरची जुनी देणी त्याच्या गळ्यात पडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले. नोव्हेंबर २०१७मध्ये आलेल्या २९-अ कलमाने थकबाकीदार प्रवर्तकाला मागच्या दाराने स्वस्तात आपलीच कंपनी परत घ्यायची सोय बंद केली.

पण नियम सुधारले तसा भावही सुधारला, आणि गुंतवणूकदाराने याचीच नोंद घ्यायला हवी. लिलाव उघडा असेल, बोली लावणारे चार तगडे असतील, तर 'स्वस्त' हा शब्द जपून वापरावा लागतो. टाटा स्टीलने मे २०१८मध्ये भूषण स्टीलसाठी वित्तीय धनकोंना सुमारे ३५,२०० कोटी रुपये दिले. ओडिशातला अंगुलजवळचा मुख्य कारखाना, शिवाय साहिबाबाद आणि आपल्या खोपोलीचे प्रकल्प मिळून क्षमता होती सुमारे ५६ लाख टन. म्हणजे दर दहा लाख टनांमागे सव्वासहा हजार कोटींच्या आसपास. आर्सेलरमित्तल आणि निप्पॉन स्टील यांनी एस्सार स्टीलसाठी धनकोंना ४२,००० कोटी देऊ केले. एस्सारच्या हजिऱ्याच्या कारखान्याची क्षमता सुमारे एक कोटी टन धरली, तर दर दहा लाख टनांमागे चार हजार दोनशे कोटी. त्यावर बोली लावण्यास पात्र ठरण्यासाठी आर्सेलरमित्तलला आपल्याशी संबंधित उत्तम गॅल्वा आणि केएसएस पेट्रॉन या कंपन्यांची थकबाकी म्हणून सात हजार कोटींहून अधिक रक्कम वेगळी भरावी लागली. ही किंमत फुकटात मिळाल्यासारखी नव्हे. मग खरेदीदारांना मिळाले काय? मुख्यतः वेळ. नवा पोलाद कारखाना उभारायचा, तर जमीन, पर्यावरण परवानगी, पाणी, रेल्वे यांत कित्येक वर्षे जातात. ओडिशातल्या कलिंगनगरला टाटा स्टीलला याचा अनुभव आला आहे. उभा कारखाना म्हणजे ती वर्षे विकत घेणे.

मात्र ही वेळ कागदावर मोजता येते तशी प्रत्यक्षात मिळेलच असे नाही. एस्सारचे प्रकरण ऑगस्ट २०१७मध्ये सुरू झाले आणि कारखान्याचा ताबा मिळाला १६ डिसेंबर २०१९ला. भूषण पॉवरची कथा त्याहून लांबलचक. धनकोंच्या समितीने जेएसडब्ल्यूची योजना २०१८मध्ये पसंत केली, न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१९मध्ये मंजूर केली. पुढच्याच महिन्यात सक्तवसुली संचालनालयाने जुन्या प्रवर्तकांच्या कथित गुन्ह्यांसाठी कंपनीची चार हजार कोटींची मालमत्ता जप्त केली. या घोळातूनच जुन्या मालकाच्या गुन्ह्याची झळ नव्याला लागू नये असे सांगणारे ३२-अ कलम आले. मार्च २०२१मध्ये जेएसडब्ल्यूने धनकोंचे सुमारे १९,३५० कोटी रुपये भागवून ताबा घेतला. त्यानंतर चार वर्षांनी, २ मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ती योजनाच बेकायदा ठरवून कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. ३१ जुलैला न्यायालयाने तो निकाल मागे घेतला आणि २६ सप्टेंबर २०२५ला योजना कायम केली. ज्यांनी जेएसडब्ल्यूचा शेअर धरला होता, त्यांचे पाच महिने कसे गेले असतील याची कल्पना करता येते. कायद्याची जोखीम पुस्तकात एका ओळीत येते. भारतात तिच्यासाठी वेगळी तरतूद मनात धरून चालावे.

आता याच टाटा स्टीलची आणखी एक खरेदी भूषण स्टीलशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. ऑक्टोबर २००६मध्ये ब्रिटन-नेदरलँड्समधल्या कोरस कंपनीसाठी टाटांनी शेअरमागे ४५५ पेन्स देऊ केले. ब्राझीलची सीएसएन चढाओढीत उतरली आणि ३१ जानेवारी २००७ला लिलाव संपला तो ६०८ पेन्सवर. एकूण किंमत सुमारे १२ अब्ज डॉलर. त्या वेळी वृत्तपत्रांनी राष्ट्रीय अभिमानाचे मथळे दिले. मराठी वृत्तपत्रेही मागे नव्हती. पोलाद तेव्हा तेजीत होते, कर्ज सहज मिळत होते, आणि कोरस अडचणीत नव्हती. वर्ष-दीड वर्षात जागतिक मंदी आली. पुढची बहुतेक वर्षे युरोपचा हा भाग भारतातल्या नफ्यावर जगला. ब्रिटनमधला रूळ, तुळया अशा लांब पोलादी मालाचा व्यवसाय २०१६मध्ये नाममात्र एक पौंडाला द्यावा लागला, आणि सप्टेंबर २०२४च्या अखेरीस पोर्ट टालबोटची शेवटची झोतभट्टी विझली. कंपनी तीच, धंदा तोच, चालवणाऱ्यांची जाणही तीच. फरक खरेदीच्या वेळेत आणि विकणाऱ्याच्या गरजेत होता. पुण्याच्या सुझलॉनने २००७मध्येच जर्मनीच्या रीपॉवरसाठी अरेव्हाशी चढाओढ करून मोठी किंमत मोजली; २०१२मध्ये तिला परदेशी रोख्यांची परतफेड जमली नाही आणि २०१५मध्ये ती जर्मन कंपनी विकावी लागली. तेजीत सर्वांच्या देखत जिंकलेली बोली भागधारकाने आनंदाने नव्हे, संशयाने पाहावी.

पोलादाबाहेरचे, आणि या विषयाचा जवळपास पाठच म्हणावे असे उदाहरण मदरसन समूहाचे आहे. विवेक चांद सहगल आणि त्यांच्या मातोश्री स्वर्णलता सहगल यांनी १९७५मध्ये ही कंपनी सुरू केली. जपानच्या सुमितोमोबरोबर ती मोटारींच्या वायरिंगमध्ये उतरली. मार्च २००९मध्ये, वाहन उद्योग जगभर कोलमडला असताना, तिने व्हिजिओकॉर्प ही मोटारींचे आरसे बनवणारी दिवाळखोर कंपनी सुमारे अडीच कोटी युरोला घेतली. व्हिजिओकॉर्पची वार्षिक विक्री साठ कोटी युरोंहून अधिक होती, म्हणजे खरेदीदारापेक्षा मोठी. इतकी किरकोळ किंमत का? कारण ग्राहक असलेल्या मोटार कंपन्यांनाच हा व्यवहार व्हायला हवा होता. एका आरशावाचून मोटारीची सगळी असेंब्ली लाइन थांबते. त्या गाडीचे साचे त्याच पुरवठादाराच्या कारखान्यात बसवलेले असतात, दुसरीकडे हलवायला महिने लागतात. म्हणून बुडणारा पुरवठादार विश्वासाच्या हाती जावा यासाठी ग्राहक स्वतः मध्ये पडतात, कधी दरही वाढवून देतात. २०११मध्ये पेगुफॉर्म, २०१५मध्ये जर्मनीतली दिवाळखोर शेरर अँड ट्रियर, २०२३मध्ये तिथलीच डॉक्टर श्नायडर, असा हा क्रम पुढे चालू राहिला. कोणताही एक ग्राहक, एक देश वा एक वस्तू यांचा विक्रीत पंधरा टक्क्यांहून जास्त वाटा नको, असे लक्ष्यही कंपनीने स्वतःला घालून घेतले. व्हिजिओकॉर्पच्या व्यवस्थापनातली बहुतेक मंडळी जागीच राहिली. मुख्यालयातून फौज पाठवण्याची पद्धत इथे नव्हती.

असे असूनही मदरसनच्या भागधारकाला सरळ रेषेत परतावा मिळाला नाही. २००९ ते २०१७ या काळात शेअर अनेक पटींनी चढला. त्यानंतर युरोपातली वाहनविक्री मंदावली, नव्या कारखान्यांचा सुरुवातीचा खर्च वाढला, मग महामारी, चिपची टंचाई, विजेचे भाव. आणि शेअर कित्येक वर्षे आपल्या शिखराच्या बराच खाली रेंगाळला. खरेदीच्या धोरणात खोट नव्हती. पण २०१७च्या भावात पुढच्या अनेक यशस्वी खरेद्या आधीच जमेस धरलेल्या होत्या. मंदीत स्वस्त घेणाऱ्या कंपनीचा शेअर तेजीत महाग घेतला, तर तिची शिस्त भागधारकाच्या उपयोगी पडत नाही.

इथे एक प्रश्न स्वाभाविकपणे येतो: खरेदीदाराऐवजी थेट अडचणीतल्या कंपनीचाच शेअर का घेऊ नये? तो तर पाच-दहा रुपयांना मिळतो. शेअर बाजारातल्या किरकोळ गुंतवणूकदाराचे पुष्कळ पैसे या मोहात गेले आहेत. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत पैसे वाटण्याचा क्रम कायद्याने ठरलेला आहे आणि भागधारक त्यात शेवटचा असतो. संहितेखालच्या प्रकरणांत धनकोंनाच त्यांच्या मान्य दाव्यांच्या सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास रक्कम मिळत आली आहे. मग भागधारकापर्यंत काही उरणार कुठून? मुंबईची गृहकर्ज कंपनी डीएचएफएल पिरामल समूहाने ३४,२५० कोटींच्या योजनेत घेतली. निकाल लागेपर्यंत तिच्या शेअरमध्ये जोरात खरेदी-विक्री चालू होती. जून २०२१मध्ये जुने शेअर शून्य किमतीला रद्द झाले. धंदा नव्या नावाने चालू राहिला, आणि ज्यांनी 'कंपनी वाचणार' हे भाकीत अचूक केले त्यांचे भांडवल पूर्ण गेले.

रुची सोयाचा अनुभव उलट्या बाजूने तेच सांगतो. २०१९मध्ये पतंजली समूहाने ती ४,३५० कोटींच्या योजनेत घेतली. जुन्या भागधारकांच्या हातात शंभरातला एक शेअर राहिला. समूहाकडे ९९ टक्क्यांच्या आसपास हिस्सा गेल्याने बाजारात फिरायला शेअरच उरले नव्हते. जानेवारी २०२०मध्ये १७ रुपयांच्या आसपास पुन्हा व्यवहार सुरू झाले आणि जूनपर्यंत भाव दीड हजारावर गेला. हा भाव धंद्याची किंमत सांगत नव्हता, टंचाई सांगत होता. मार्च २०२२मध्ये कंपनीने लोकांना नवे शेअर दिले ते ६५० रुपयांनी. अशा प्रकरणांनंतर सेबीने पुनर्नोंदणीच्या वेळी लोकांकडे किमान पाच टक्के शेअर असावेत असा नियम केला.

तेव्हा भागधारकाने पाहायचे ते खरेदीदाराकडे, आणि तेही बहुतांशी खरेदीआधीच्या वर्षांकडे. चांगल्या वर्षांत कर्ज कमी होत होते का, की नफा वाढला तसे कर्जही वाढत होते? टाटा स्टीलचे एकूण कर्ज भूषणनंतर मार्च २०१९मध्ये एक लाख कोटींच्या घरात होते. २०२१च्या पोलाद तेजीने ते झपाट्याने उतरले म्हणून त्याची चर्चा थांबली. तेजी दोन वर्षे उशिरा आली असती, तर चर्चा वेगळी झाली असती. कंपनीने याआधी घेतलेल्या उद्योगांचे आज काय आहे, हेही वार्षिक अहवालांत सापडते, पण शोधावे लागते. विलीनीकरण झाले की जुन्या कंपनीचे आकडे मोठ्या आकड्यांत विरघळतात, आणि अपयश लपवायचे असेल तर विलीनीकरणासारखा आडोसा नाही. म्हणून उपकंपन्यांचे स्वतंत्र हिशेब मिळत असतील तेवढी वर्षे ते वाचून ठेवावेत.

ताबा घेतल्यानंतरची पहिली एक-दोन वर्षे आकडे हमखास वाईट दिसतात. मरणपंथाला लागलेल्या कारखान्यात पहिला पैसा जातो तो खेळत्या भांडवलात: पुरवठादार उधारीवर माल देत नसतात, कच्च्या मालाचा साठा संपलेला असतो, रखडलेली दुरुस्ती एकदम करावी लागते. विक्री वाढण्याआधी रोकड बाहेर जाते. हे अपेक्षितच आहे. काळजीचे चिन्ह वेगळे असते: तिसऱ्या-चौथ्या वर्षीही 'एकवेळचा खर्च' दरवर्षी येत राहणे. हिशेबातली आणखी एक नोंद समजून घेण्यासारखी आहे. मालमत्तेच्या रास्त मूल्यापेक्षा कमी किमतीत कंपनी मिळाली, तर आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तो फरक नफा म्हणून दाखवता येतो. भारतीय लेखामानक १०३ तसे सहसा करू देत नाही. फरक भांडवली राखीव निधीत जातो. हे चांगले आहे, कारण 'रास्त मूल्य' हा अंदाज असतो आणि खरेदीच्या दिवशीच नफा झाला असे मानणारे व्यवस्थापन पुढची खरेदी घाईने करते.

आणि सगळे आकडे दर शेअरमागे काढावेत. खरेदीसाठी भरमसाट नवे शेअर काढले, तर कंपनी दुप्पट होते आणि भागधारक होता तिथेच राहतो. एकूण क्षमता, एकूण उलाढाल, देशात कितवा क्रमांक या गोष्टी भाषणात शोभतात. भागधारकाच्या वाट्याला येतो तो दर शेअरमागचा नफा आणि गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा.

या व्यवहारांत कोणाचे तरी नुकसान झालेले असते, हेही हिशेबात धरायला हवे, आणि ते केवळ सहानुभूतीपोटी नव्हे. इंटरनॅशनल स्टीलच्या नफ्याचा एक भाग पेन्शनधारकांच्या आणि विमा महामंडळाच्या खिशातून आला. भारतात ती जागा बहुधा सरकारी बँकांची आणि छोट्या पुरवठादारांची असते. एस्सारच्या निकालात, नोव्हेंबर २०१९मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने वाटपाचा निर्णय धनकोंच्या समितीचा असल्याचे सांगितले. माल पुरवून पैसे न मिळालेल्यांना बँकांच्या बरोबरीने वाटा मिळेल ही अपील न्यायाधिकरणाची भूमिका टिकली नाही. आर्थिक दृष्टीने हा निकाल बरोबर आहे, नाहीतर तारणावर कर्ज कोणी देणार नाही. पण ज्यांचे पैसे बुडाले ते मतदारही असतात आणि पक्षकारही. त्यामुळे या क्षेत्रातले नियम पुन्हा पुन्हा बदलत राहतील, असे गृहीत धरणेच शहाणपणाचे.

असाच एक व्यवहार सध्या महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर घडतो आहे. जर्मनीच्या हॉयबाख या रंगद्रव्ये बनवणाऱ्या जुन्या समूहाने २०२२मध्ये क्लॅरिअंट कंपनीचा रंगद्रव्य व्यवसाय घेतला, कर्जाने वाकला आणि एप्रिल २०२४मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुण्याच्या सुदर्शन केमिकलने ऑक्टोबर २०२४मध्ये त्याची खरेदी १२ कोटी ७५ लाख युरोला जाहीर केली आणि ३ मार्च २०२५ला ती पूर्ण केली. सुदर्शनचे कारखाने रोहा आणि महाडला. हॉयबाखच्या भारतीय कंपनीचाही एक कारखाना रोह्यातच. ग्राहक ओळखीचे, धंदा स्वतःचाच, विकणारा दिवाळखोर आणि त्याच वेळी नवे भागभांडवल उभारलेले: सुरुवातीच्या कसोट्यांवर हा व्यवहार चांगला दिसतो. पण घेतलेला समूह उलाढालीने घेणाऱ्यापेक्षा मोठा आहे, त्याचे कारखाने अनेक देशांत विखुरलेले आहेत, आणि जर्मनीत ऊर्जा व मजुरी दोन्ही महाग आहेत. निदान तीन-चार वर्षांचे अहवाल हाती येईपर्यंत त्याला यशस्वी म्हणणे घाईचे ठरेल.